हिशेब झाला, लॉगिन राहिले: सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याचे प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल निर्यातदार कारखान्यातून ऑक्टोबरअखेर एक एक्सपोर्ट क्लार्क नोकरी सोडून गेला. पगार आणि बोनस हातात पडला, गेटपास जमा झाला, हजेरीच्या यंत्रातून त्याचा अंगठा काढला गेला. दुसऱ्या दिवशी तो गेटवर आला असता तर वॉचमनने त्याला आत सोडले नसते. पण त्याच्या मोबाइलवर कारखान्याची एक्सपोर्टची मेलपेटी पुढे अडीच महिने उघडी राहिली. जानेवारीत त्याच पेटीतून जर्मनीतल्या ग्राहकाला बनावट बँक खात्याचा मेल गेला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी पहिले नाव त्याचेच आले.

हा कारखाना नमुन्यादाखल घेतला आहे. माणसे, खात्यांचे आकडे आणि घटनाक्रम त्या नमुन्याचे आहेत. कायद्यातल्या मुदती, सरकारी पोर्टलचे नियम आणि मेलव्यवस्था कशी वागते ते मात्र प्रत्यक्षात आहे तसेच दिले आहे.

कारखान्याची रचना सोलापुरात ओळखीची वाटेल अशीच आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, तीन संचालक: शेठ, त्यांचे धाकटे भाऊ आणि शेठांचा मुलगा. रॅपिअर माग, जकार्ड, डाइंग आणि पॅकिंग धरून २१० कामगार. त्यांपैकी संगणकाला हात लावणारे ३४. मेल गूगल वर्कस्पेसवर, हिशेब टॅलीत, ऑर्डर-सूत-उत्पादनाची नोंद ईआरपी नावाच्या एका कारखाना-सॉफ्टवेअरमध्ये. जोडीला मालवाहतुकीचे ई-वे बिल, बँकेचे कॉर्पोरेट नेटबँकिंग, परदेश व्यापाराच्या कामांसाठी डिजिटल सही. स्वतःचा आयटी विभाग नाही. शहरातला एक कॉम्प्युटरवाला वार्षिक करारावर सगळे सांभाळतो आणि दुकानातूनच एनीडेस्क या दुरून संगणक चालवण्याच्या सॉफ्टवेअरने आत येतो.

गड्ड्याच्या दिवसातला फोन

जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेतल्या, म्हणजे सोलापूरच्या गड्ड्यातल्या, अक्षता सोहळ्याची दुपार. निम्मा कारखाना बंद, ऑफिसात तिघेच. दोन वाजून वीस मिनिटांनी जर्मन ग्राहकाच्या अकाउंट्स विभागातून फोन आला: तुमचे बँक खाते बदलले असा मेल आला आहे, ४१,८०० युरोचे बिल नव्या खात्यात भरायचे का? त्या बाईंनी मेलमधला नंबर न लावता जुन्या करारातला नंबर शोधून फोन केला, एवढ्यावरच पैसे वाचले.

मेल कंपनीच्या खऱ्या पेटीतून गेला होता. त्यामुळे बनावट डोमेन (मेलपत्त्यातला @ नंतरचा भाग) ओळखणारी कोणतीही चाळणी इथे उपयोगाची नव्हती. पेटीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी सापडल्या. बिल, पेमेंट, बँक हे शब्द असलेला प्रत्येक मेल एका अनोळखी बाहेरच्या पत्त्यावर आपोआप पुढे जात होता. आणि त्या ग्राहकाच्या डोमेनवरून येणारा प्रत्येक मेल इनबॉक्सला न शिवता थेट संग्रहात, तोही वाचलेला म्हणून खूण होऊन जात होता. ग्राहकाने शंका विचारणारे दोन मेल पाठवले होते. ते कोणीच पाहिले नव्हते.

पहिला अनोळखी लॉगिन १९ नोव्हेंबरचा निघाला. त्याच सकाळी पेटीत कुरिअर कंपनीच्या नावाने एक मेल आला होता, त्यातली लिंक उघडून कोणीतरी पासवर्ड टाकला होता. कोणी, हे आजही सांगता येत नाही. ती पेटी सहा जण वापरत, चार संगणकांवर आणि तीन मोबाइलवर, सगळे एकाच पासवर्डने. दुहेरी पडताळणी बंद होती, कारण ओटीपी एकाच फोनवर येई आणि तो फोन त्या क्लार्कचा होता. रोज त्याला हाक मारून ओटीपी विचारावा लागे, म्हणून कधीतरी ती सोयच काढून टाकली गेली. घुसणाऱ्याने पुढे जवळजवळ आठ आठवडे काहीच केले नाही, नुसते वाचले. कोणत्या ऑर्डरचे बिल कधी निघते, शेठ ग्राहकाला कोणत्या शब्दांत लिहितात, खाली सही कशी असते. मोठे बिल निघाल्यावर त्याने एकच मेल लिहिला, आणि तो अगदी घरच्यासारखा होता.

पहिले काही तास

फोन ठेवताच सगळ्यांची पहिली ओढ पासवर्ड बदलण्याकडे होती. ती दहा मिनिटे थोपवली हे योग्य झाले. आधी फॉरवर्डिंग, फिल्टर, जोडलेली उपकरणे, इतरांना दिलेला प्रवेश आणि रिकव्हरीचा नंबर या सगळ्यांचे स्क्रीनशॉट घेतले, ॲडमिन कन्सोलमधून लॉगिनच्या नोंदी उतरवून घेतल्या. घाईने सेटिंग पुसले की घुसणाऱ्याचा पत्ताही पुसला जातो. मात्र या कामाला दहा-पंधरा मिनिटांहून जास्त देऊ नयेत, कारण मेल तोवर बाहेर जातच असतो.

त्यानंतरचा क्रम असा: फॉरवर्डिंग बंद, फिल्टर रद्द, दिलेला प्रवेश आणि जोडलेली ॲप्स काढली, आयमॅप (बाहेरच्या मेल-ॲपमधून पेटी उघडण्याची सोय) बंद, रिकव्हरीचा नंबर कंपनीचा केला, सर्व चालू सत्रे, म्हणजे उपकरणांवर उघडी राहिलेली लॉगिन, तोडली, मग नवा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी. नुसता पासवर्ड बदलून थांबणारे इथेच फसतात. फॉरवर्डिंगचा नियम पासवर्डवर अवलंबून नसतो, तो पेटीत लिहिलेला असतो आणि नव्या पासवर्डनंतरही इमानाने मेल बाहेर पाठवत राहतो. शिवाय एखाद्या मोबाइलवर आधीच उघडलेले सत्र कधी तुटेल हे व्यवस्थेगणिक बदलते. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत एकदा दिलेले प्रवेश-टोकन (पासवर्ड न विचारता आत सोडणारा तात्पुरता परवाना) साधारण तास-दीड तास चालते. म्हणून सत्रे तोडण्याचे बटण वेगळे दाबावेच लागते.

तेवढ्यात शेठांच्या मुलाने ११ ग्राहकांना जुन्या नंबरांवर फोन केले आणि बँकेला कळवले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अनधिकृत प्रवेशाची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. हे फक्त मोठ्या आयटी कंपन्यांना लागू आहे असा समज अनेक कारखानदारांत आहे. निर्देशांत ‘बॉडी कॉर्पोरेट’ असा शब्द आहे, टॉवेल विणणारी कंपनीही त्यात येते. इथे संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी अहवाल गेला, म्हणजे पावणेपाच तासांत. पैसे गेले असते तर त्याआधी १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा लागला असता, कारण पुढच्या खात्यात रक्कम गोठवायची तर तिथे मिनिटांचा हिशेब असतो.

त्याच निर्देशांत दोन बारीक अटी आहेत, नोंदी १८० दिवस जपणे आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवणे. दुसरी अट कागदी वाटते. इथे हजेरीचे यंत्र ११ मिनिटे पुढे होते. १९ नोव्हेंबरला लिंक उघडली त्या मिनिटाला ऑफिसात कोण होते हे ताडताना त्या ११ मिनिटांनी एका माणसाला विनाकारण आत आणि दुसऱ्याला बाहेर दाखवले. गूगलच्या लॉगिन नोंदी सहा महिने राहतात. त्यांवर विसंबण्यापेक्षा दर आठवड्याला उतरवून वेगळ्या जागी ठेवाव्यात.

गेलेल्या क्लार्कबद्दल काय निघाले? त्याचा मोबाइल रोज आपोआप पेटी ताजी करत होता, एवढेच. फॉरवर्डिंग ज्या सत्रातून लावले गेले ते सत्र त्याच्या उपकरणाचे नव्हते. पण हे कळायला सहा दिवस लागले, आणि त्या सहा दिवसांत त्याने नव्या नोकरीसाठी मागितलेला अनुभवाचा दाखला अडवून ठेवला गेला होता. सामाईक लॉगिनचे हे नुकसान कोणी मोजत नाही. पेटी सहा जणांची असेल तर सहाही जण संशयित होतात, आणि सातवा, जो निघून गेलेला असतो, तो सर्वांत सोयीचा संशयित ठरतो.

मस्टर आणि खात्यांची जुळणी

पुढच्या आठवड्यात खरे काम झाले, आणि ते एका साध्या वहीने झाले. टाइम ऑफिसचे मस्टर एका बाजूला, प्रत्येक व्यवस्थेतून काढलेली लॉगिनची यादी दुसऱ्या बाजूला. मेलची ३१ खाती, ईआरपीची ४४, सर्व्हर व संगणकांची २७, टॅलीची ९, बँकेची ४, ई-वे बिलाची ३, हजेरी यंत्राच्या सॉफ्टवेअरची २. एकूण १२०. संगणक वापरणारे ३४ जण.

१२० पैकी ७९ खाती मस्टरवरच्या हयात नोंदीशी जुळली. २३ खाती सोडून गेलेल्यांची होती. सर्वांत जुना माणूस चार वर्षांपूर्वी गेलेला. १४ सामाईक होती: एक्सपोर्ट, स्टोअर, डिस्पॅच, ॲडमिन अशी. उरलेल्या चारांचा पत्ता लागायला दोन दिवस गेले. दोन ईआरपी विकणाऱ्याची, एक सीएंच्या ऑफिसातल्या आर्टिकल क्लार्कसाठी (शिकाऊ सीएसाठी) केव्हातरी उघडलेले, आणि एक ‘टेस्ट’ नावाचे, सगळे अधिकार असलेले.

जुळणीत सर्वांत त्रास नावांनी दिला. सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांतली नावे मराठीत एक, आधारवर दुसरी आणि ईआरपीत तिसरी लिहिलेली असतात. व्यंकटेशचा वेंकटेश होतो, आडनावातले एक अक्षर गळते, श्रीनिवास नावाचे तिघे निघतात. नावावर जुळणी करायला बसलात तर फसाल. ओळखीचा आधार मस्टर नंबर हाच घ्यावा आणि प्रत्येक व्यवस्थेतल्या खात्याच्या माहितीत तो लिहावा.

पण इथेही एक खोडा आहे. कारखान्यांत गेलेल्या कामगाराचा नंबर नव्याला देण्याची जुनी रीत आहे, कारण हजेरीच्या यंत्रात जागा मोकळी होते आणि रजिस्टर नीटस दिसते. लॉगिनच्या कामात ही रीत घातक. ईआरपीत नंबर ११७ ला सूत खरेदीचा अधिकार असेल आणि ११७ आता पॅकिंगच्या मुलाला मिळाला, तर अधिकारही त्याच्याबरोबर गेला. शिवाय जुन्या नोंदी वाचताना ११७ म्हणजे कोण हे तारीख पाहून ठरवावे लागते. नियम केला: नंबर आयुष्यात एकदाच, पुन्हा कोणालाच नाही. ठेकेदाराच्या माणसांना, सीएंच्या ऑफिसला आणि कॉम्प्युटरवाल्यालाही वेगळ्या मालिकेतले नंबर, आणि त्यांच्या खात्यांना शेवटची तारीख पहिल्याच दिवशी लावलेली.

२३ खाती लगेच निलंबित केली, खोडली नाहीत. खोडलेले गूगल खाते २० दिवसांपर्यंतच परत आणता येते, त्यानंतर त्यातले मेल गेले ते गेलेच. आधी निलंबन, मग फाइलींची मालकी विभागप्रमुखाकडे, मेल उतरवून ठेवणे, आणि ९० दिवसांनी खोडणे.

सामाईक एक्सपोर्ट पेटीचे रूपांतर ग्रुपच्या पेटीत केले. पत्ता तोच, पण प्रत्येक जण स्वतःच्या लॉगिनने ती उघडतो आणि कोणता मेल कोणी घेतला हे दिसते. हे करताना एक अडचण हमखास येते. जुन्या खात्याचे नाव बदलले तरी जुना पत्ता त्याच खात्याला टोपणपत्ता म्हणून चिकटून राहतो, तो हाताने काढल्याशिवाय त्या पत्त्याचा ग्रुप बनत नाही. रविवारी करावे. आपोआप फॉरवर्ड करण्याची मुभा ॲडमिन कन्सोलमधून सर्वांसाठीच बंद केली. या कारखान्यात ती कोणालाच लागत नव्हती.

टॅलीबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. इथेही ती नोंद चालू होती, ऑडिटरनी तपासलीही होती. पण अकाउंट्समधले चौघेही ‘ॲडमिन’ म्हणूनच काम करत. हजारो ओळींची नोंद, आणि प्रत्येक ओळीवर बदल करणारा एकच: ॲडमिन. कायद्याचे अक्षर पाळले गेले, पण ज्यासाठी कायदा केला ते उत्तर त्या नोंदीतून कधीच मिळाले नसते.

अधिकार वाटताना

पदांप्रमाणे अधिकार देण्याचा पहिला प्रयत्न फसला. कारखान्यात ‘सिनिअर क्लार्क’ म्हणजे तीन वेगळ्या कामांची तीन माणसे. मग कामाप्रमाणे नऊ भूमिका ठरवल्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न ठेवला: या माणसाला एकट्याला, कोणाला न विचारता, पैसे बाहेर नेता येतील का?

सूत खरेदीत हा प्रश्न झोंबला. पार्टी उघडणे, पार्टीचे बँक खाते बदलणे, खरेदीची ऑर्डर, माल आल्याची पावती, बिल चढवणे आणि पेमेंट तयार करणे ही सहा कामे. पाच एकाच माणसाकडे होती, आणि तो प्रामाणिक असल्याने कधी कोणाला खटकले नव्हते. आता बँक खाते बदलणारा पेमेंट करू शकत नाही, आणि खाते बदलायचे तर पार्टीला जुन्या नंबरावर फोन करून त्याची तारीख-वेळ ईआरपीत लिहावी लागते. बाकीच्या कामांत फार ताणले नाही. छोट्या कारखान्यात सहा कामांना सहा माणसे नसतात, आणि तशी अट घातली की लोक एकमेकांचे पासवर्ड घेऊन काम उरकतात. त्यापेक्षा मोक्याच्या दोन जागा घट्ट धरणे बरे.

सर्वांत नाजूक विषय डिजिटल सहीचा. बँकेत पेमेंट एकाने तयार करायचे आणि दुसऱ्याने मंजूर करायचे अशी व्यवस्था होती. पण तयार करणाऱ्या अकाउंटंट काकांच्या ड्रॉवरमध्येच मंजूर करणाऱ्या शेठांचे आणि त्यांच्या भावांचे बँकेचे टोकन, शेजारी शेठांच्या डिजिटल सहीची यूएसबी आणि तिच्यावर चिकटपट्टीने लावलेला पिन. दोन कुलपे, दोन्ही किल्ल्या एका खिळ्याला. काकांचा यात दोष नव्हता. ‘शेठ, रात्री कागद निघाले नाहीत तर कंटेनर राहतो, तुम्हाला उठवायचं का रोज?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे सहीची खासगी किल्ली (यूएसबीतला सही करणारा गुप्त कोड) आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी धारकाने घ्यायची असते. ती फुटली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचे असते, आणि कळवेपर्यंत जबाबदारी त्याच्याच माथी राहते. शेठांना हे कलम दाखवल्यावर टोकन आणि यूएसबी त्याच दिवशी परत गेले. पण कलमाने कंटेनर सुटत नाही. म्हणून काम फिरवले: सह्या लागणारे कागद रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच या वेळेत एकत्र पुढे येतात, मुलाच्या नावाने वेगळी डिजिटल सही काढली, आणि बँकेत दोन संचालकांपैकी कोणीही एक आपल्या मोबाइलवरून मंजुरी देऊ शकतो असा ठराव दिला. एक बाहेरगावी असला तरी काम अडत नाही. सोय आधी केली, म्हणून ड्रॉवर रिकामा राहिला.

ई-वे बिलात नियमानेच मदत केली. १ एप्रिल २०२५ पासून तिथे दुहेरी पडताळणी सर्व करदात्यांना सक्तीची आहे, आणि मुख्य खातेदार उपवापरकर्ते उघडून प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या मोबाइलची पडताळणी देऊ शकतो. रात्रपाळीच्या डिस्पॅच क्लार्कला स्वतःचे उपखाते दिले, फक्त बिल काढण्याचा अधिकार. आधी रात्री एक वाजता शेठांच्या फोनवर ओटीपी जात असे आणि घरातले कोणीही तो वाचून सांगत असे.

मागखाता वेगळा आहे

ऑफिसचे नियम मागांच्या शेडमध्ये नेले की ते मोडतात. तिथे तीन पाळ्यांत एकच संगणक, कीबोर्डवर तंतूंचा थर. डाइंगच्या कामगारांचे अंगठे पाण्याने आणि रसायनांनी झिजलेले असतात, बोटांचे यंत्र दर दुसऱ्या वेळी नाकारते. प्रत्येक जॉबरने (माग सांभाळणाऱ्या कारागिराने) स्वतःचे विंडोज लॉगिन करावे असा आग्रह धरला तर पहिल्या पाळीचा माणूस लॉगिन करून जाईल आणि तिन्ही पाळ्यांची नोंद त्याच्या नावावर पडेल.

म्हणून तिथे संगणक सामाईकच ठेवला. त्यावर मेल नाही, इंटरनेट नाही, यूएसबी बंद, ईआरपीचा एकच पडदा. नोंद करताना मस्टर नंबर आणि सहा आकडी पिन, नोंद झाली की पडदा आपोआप मोकळा. पिन कोणी पाहिला तरी नुकसान एका चुकीच्या उत्पादन नोंदीपुरते. सामाईक लॉगिन सरसकट पाप आहे असे सांगणारे शेडमध्ये उभे राहिलेले नसतात. त्या लॉगिनमागे काय उघडते हे पाहून ठरवावे.

जकार्ड डिझाइनचा संगणक जुन्या विंडोजवर चालतो, कारण त्यावरचे सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. त्याला नेटवर्कमधून वेगळा काढला आणि डिझाइनच्या फाइली एका ठरलेल्या पेनड्राइव्हने ने-आण करायला लावल्या. हा उपाय अर्धवट आहे, आणि सॉफ्टवेअर बदलेपर्यंत तो अर्धवटच राहील.

कॉम्प्युटरवाल्याच्या हातातली चावी

मेलव्यवस्थेचा एकमेव सर्वाधिकारी कॉम्प्युटरवाला होता. डोमेनही त्याच्याच दुकानाच्या नावावर नोंदलेले. बारा संगणकांवर एनीडेस्कचा न विचारता आत येण्याचा पासवर्ड एकच. माणूस भला, पण त्याच्या दुकानातला एक लॅपटॉप गेला असता तर अख्खा कारखाना गेला असता. एप्रिल २०२१ अखेर अमेरिकेतल्या कोलोनिअल पाइपलाइन या इंधनवाहू कंपनीत घुसखोर एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या लॉगिनमधून) शिरले. त्याला दुहेरी पडताळणी नव्हती, एक पासवर्ड पुरला. मे महिन्यात इंधनाची वाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली. एनीडेस्कचा तो पासवर्ड याच जातीचा.

डोमेन त्याच नोंदणीदाराकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे) ठेवून कंपनीच्या नावाच्या खात्यात वळवले. डॉट कॉमच्या मालकीची माहिती बदलल्यावर दुसऱ्या नोंदणीदाराकडे नेण्यास ६० दिवसांची बंदी लागू शकते, म्हणून दोन्ही गोष्टी एका दमात करायला जाऊ नये. सर्वाधिकाराची दोन खाती नावानिशी केली: एक मुलाचे, एक कॉम्प्युटरवाल्याचे. दोन्ही रोजच्या मेलपेक्षा वेगळी. तिसरे आणीबाणीचे खाते, लांब पासवर्ड कागदावर, सीलबंद पाकिटात, लॉगिनच्या हार्डवेअर किल्लीसह तिजोरीत. त्यावर लॉगिन झाले की तिन्ही संचालकांना मेल जातो; दर तीन महिन्यांनी उघडून पाहायचे. एनीडेस्क आता समोरच्या माणसाने ‘स्वीकारा’ दाबल्याशिवाय जोडत नाही.

दुहेरी पडताळणीचा सोमवार

हा भाग बिघडला आणि तो टाळता आला असता. दुहेरी पडताळणी एका सोमवारी सकाळी सर्वांना सक्तीची केली. नऊ जण बाहेर अडकले. कोणाच्या फोनमध्ये कोड देणारे ॲप टाकायला जागा नाही, कोणाचा फोन घरी, एकाचा नंबर बायकोच्या नावावर आणि फोन तिच्याकडे. त्याच वेळी स्कॅनर मशीनने मेल पाठवणे थांबवले, कारण त्यात एका सामाईक मेल खात्याचे लॉगिन बसवलेले होते. ईआरपीतून ग्राहकांना जाणारे पॅकिंग लिस्टचे मेलही त्याच लॉगिनवर चालत होते. दुपारी बारापर्यंत सक्ती मागे घ्यावी लागली.

दुसऱ्या खेपेला आधी यंत्रांची खाती शोधली. माणूस नसलेली पाच खाती निघाली. प्रत्येकाला एक जबाबदार माणूस आणि फक्त मेल पाठवण्यापुरता अधिकार दिला. मग दोन आठवड्यांची नोंदणीची मुदत, रोज चार-पाच जण, समोर बसवून. प्रत्येकाला दहा राखीव कोड छापून दिले, एक प्रत टाइम ऑफिसच्या कपाटात पाकिटात.

सगळ्यांना एकच साधन दिले नाही. संचालक, अकाउंट्स आणि सर्वाधिकारी यांना प्रत्येकी दोन हार्डवेअर किल्ल्या (लॉगिनच्या वेळी जोडायचे छोटे उपकरण), एक खिशात, एक घरी. ही किल्ली खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, म्हणून कुरिअरच्या नावाच्या बनावट पानावर ती उत्तरच देत नाही. ॲपमधला सहा आकडी कोड मात्र माणूस बनावट पानावर टाकू शकतो. बाकी ऑफिसला ॲप दिले. एसएमएसचा ओटीपी सर्वांत कच्चा, आपल्या नंबरचे डुप्लिकेट सिम दुसरा कोणी काढू शकतो. तरी ज्या दोघांकडे साधा फोन आहे त्यांना तोच दिला, कारण काहीच नसण्यापेक्षा तो किती तरी बरा. पासवर्ड दर महिन्याला बदलण्याची सक्ती काढली. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या मार्गदर्शनातही ठराविक मुदतीने बदल नको, लांबी हवी, आणि फुटल्याची शंका आली तर लगेच बदल, असेच आहे. सक्तीने काय होते ते इथल्या कीबोर्डांखालच्या चिठ्ठ्यांवर दिसत होते: सोलापूर१, सोलापूर२, सोलापूर३.

निघणाऱ्याचा कागद

आता प्रवेश देणे-काढणे टाइम ऑफिसपासून सुरू होते. कॉम्प्युटरवाल्याला कोणीतरी फोन करेल यावर ते अवलंबून नाही. सोडणाऱ्याचा ‘येणे-देणे नाही’ हा फॉर्म आधीही होता: गणवेश, कपाटाची चावी, ॲडव्हान्स, कॅन्टीन. त्यात मेल, ईआरपी, टॅली, ई-वे बिल, बँक, डिजिटल सही, मोबाइलवरची पेटी आणि व्हॉट्सॲप ग्रुप असे आठ रकाने वाढवले. प्रत्येकासमोर बंद केल्याची तारीख, वेळ आणि बंद करणाऱ्याची सही. हे रकाने भरल्याशिवाय अकाउंट्स अंतिम हिशेब काढत नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत सर्व बंद. तडकाफडकी काढले तर शेठ त्याच्याशी बोलत असतानाच.

विभाग बदलणाऱ्याचे प्रकरण सोडणाऱ्यापेक्षा अवघड असते, कारण तो समोरच असतो आणि कोणाला काही काढावेसे वाटत नाही. खरेदीतून अकाउंट्समध्ये गेलेल्याकडे दोन्हीकडचे अधिकार राहतात, आणि नेमके तेच दोन एकत्र यायला नको असतात. इथे जुनी भूमिका पूर्ण काढून नवी देतात. काम सोपवायला सात दिवस दोन्ही लागले तर जुनीला शेवटची तारीख लावून.

दर तीन महिन्यांनी तपासणी होते. पहिल्या वेळी सगळी यादी शेठांपुढे ठेवली, त्यांनी चहा होईपर्यंत सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. दुसऱ्या वेळी प्रत्येक विभागप्रमुखाला फक्त त्याची दहा-पंधरा माणसे दिली, शेवटच्या वापराच्या तारखेसह. साठ दिवसांत न वापरलेल्या सात परवानग्या त्या एका बैठकीत निघाल्या. एक गळती अजून उरली आहे: ठेकेदाराची माणसे मस्टरवर येत नाहीत, ती कधी गेली हे ठेकेदाराने कळवले तरच कळते. सध्या त्यांची खाती महिनाअखेरीस आपोआप बंद होतात आणि ठेकेदार नवी यादी देईल तेव्हाच पुढच्या महिन्यासाठी उघडतात.

त्या एक्सपोर्ट क्लार्कला अनुभवाचा दाखला फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मिळाला, सोबत फॉरवर्डिंगशी त्याचा संबंध नसल्याचे कंपनीचे पत्रही. नव्या फॉर्मच्या तळाशी त्यानंतर एक ओळ छापली गेली: प्रत सोडून जाणाऱ्यास दिली. कोणते लॉगिन कोणत्या मिनिटाला बंद झाले याचा सहीशिक्क्याचा कागद आता जाणाऱ्याच्या घरीही असतो.